मला गाता येत नाही, नाटक येत नाही. मग मी सर्जनशील कशी?

प्रश्न: मी सहावी-सातवीला भाषा शिकवते. यंदा मुख्याध्यापिकांनी भाषा विभागाची जबाबदारी माझ्यावर टाकली आणि 'शिक्षकाचं सर्जनशील नेतृत्व' या विषयावरच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे बाहुल्या नाचवणारे, कविता चालीवर म्हणणारे, वर्गात सोंगं काढणारे शिक्षक दाखवले. मला यातलं काही येत नाही. आवाज बसका, स्वभाव बुजरा. तरी परत आल्यावर हिय्या करून मुलांना म्हटलं, 'आज मनाला येईल ते लिहा.' 45 मुलांपैकी निम्मी कोरा कागद घेऊन बसली, उरलेल्यांनी मार्गदर्शकातला 'माझा आवडता प्राणी' उतरवला. अपुरं राहिलेलं घरून पूर्ण करून आणा म्हटलं, तर एकाने मोबाइलकडूनच निबंध लिहवून आणला. शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली ती वेगळीच. विभागातले सहकारी माझ्याहून अनुभवी आहेत, अभ्यासक्रम डोक्यावर आहे. जिच्यात मुळात सर्जनशीलताच नाही, तिने हे पद घ्यावं का?

उत्तर:

नमस्कार बाई,

पद घ्या. शेवटचा प्रश्न आधी निकालात काढते, म्हणजे बाकीचं मोकळेपणाने बोलता येईल.

प्रशिक्षणात दाखवलेल्या त्या चित्रफिती पुन्हा आठवा आणि या वेळी शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघा. मुलं हसताहेत, टाळ्या वाजवताहेत, बाईंच्या मागून ओळ म्हणताहेत. छानच आहे ते. पण तेवढ्या वेळात एखाद्या मुलाने स्वतः जुळवलेली किती वाक्यं उच्चारली? भाषेच्या तासाला जो बोलतो त्याची भाषा सुधारते. तासभर बाईच बोलत-गात राहिल्या, तर वर्षअखेरीस बाई आणखी फर्ड्या होतात आणि मुलं होती तिथेच राहतात. कलावंत शिक्षकांबद्दल मला आकस नाही. ज्याला गळा आहे त्याने जरूर गावं. पण वर्गाची भाषा घडते ती वेगळ्याच गोष्टींनी, आणि त्या बुजऱ्या माणसालाही जमतात. खरं तर बुजऱ्याला जरा जास्तच जमतात, कारण त्याला गप्प बसता येतं.

तुमच्या बसक्या आवाजावरून सेलेस्तँ फ्रेने आठवले. फ्रान्सच्या दक्षिणेला बार-स्युर-लू नावाच्या डोंगरातल्या गावात 1920 साली ते शिक्षक म्हणून रुजू झाले. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, त्यामुळे सलग बोलणं झेपायचं नाही. वर्गासमोर उभं राहून तास गाजवायचा मार्ग त्यांना बंदच होता. मग ते मुलांना घेऊन बाहेर फिरायला जात. परत आल्यावर मुलं पाहिलेलं सांगत आणि ते फळ्यावर लिहिलं जाई. 1924 च्या सुमारास त्यांनी एक लहानसं छपाईयंत्र वर्गात आणलं. मुलं आपापला मजकूर वाचून दाखवत, कुणाचा छापायचा ते मत देऊन ठरवत, निवडलेला मजकूर सगळे मिळून फळ्यावर दुरुस्त करत आणि मग छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून छापत. पुढे हे छापील कागद लांब, समुद्राकाठच्या एका शाळेतल्या मुलांना टपालाने जाऊ लागले आणि तिकडचे इकडे येऊ लागले.

यात फ्रेनेंनी स्वतः वर्गासमोर करून दाखवलं असं काय? जवळजवळ काहीच नाही. त्यांनी मुलांच्या लिहिण्याला वाचणारं माणूस मिळवून दिलं. डोंगरातल्या मुलाचं वाक्य समुद्राकाठच्या मुलाला कळलं पाहिजे, एवढी एक निकड उभी राहिली की शुद्धलेखन कशासाठी, यावर व्याख्यान द्यावं लागत नाही. माझ्या लेखी भाषेच्या वर्गातलं सर्जनशील नेतृत्व ते हेच: मुलाच्या वाक्याची कुणाला तरी खरोखर गरज पडेल अशी व्यवस्था लावणं. त्या व्यवस्थेत कल्पकता लागते, पण ती रंगमंचावरची नव्हे. लग्नघरात पंगतीला न बसता सगळ्यांना वेळेवर जेवू घालणारं एक माणूस असतं ना, तसली.

आता तुमचा फसलेला तास. 'मनाला येईल ते लिहा' हे वाक्य फार उदार वाटतं. मुलाच्या कानात ते कसं पोहोचतं बघा: 'बाईंच्या मनात काहीतरी आहे, ते ओळखा.' सहा-सात वर्षं शाळेत काढलेल्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, की मनाला येईल ते लिहिलं की गुण जातात. म्हणून ते एक तर काहीच लिहीत नाही, नाहीतर आधी कुणीतरी पास करून ठेवलेलं लिहितं. तुमची मुलं आळशी नव्हती, व्यवहारी होती. आणि तुम्हाला-मला कुणी एकाएकी कागद पुढे करून 'काहीही लिहा' म्हटलं, तर आपणही पेनचं टोपणच चावत बसू.

मोकळीक देताना अट द्या, आणि ती जरा विचित्रच असू द्या. इटलीचे बालसाहित्यिक जानी रोदारी यांची एक युक्ती यासाठी मला फार आवडते. दोन मुलांनी फळ्याच्या दोन टोकांना, एकमेकांचं न बघता, एकेक शब्द लिहायचा. समजा आले 'कुत्रा' आणि 'कपाट'. (हे उदाहरण रोदारींचंच.) आता या दोघांना वेगवेगळ्या नात्यांनी जोडायचं. आपल्या भाषेत तर ही चंगळच आहे, कारण आपली निम्मी नाती प्रत्ययांत बसलेली असतात. कुत्र्याचं कपाट. कपाटातला कुत्रा. कुत्र्यासाठी कपाट. कपाटावरून कुत्र्याने. प्रत्यय बदलला की गोष्ट बदलते. कपाटातला कुत्रा तिथे लपला कुणापासून? कुत्र्याचं कपाट असेल तर त्याची किल्ली कुणाकडे? मुलांना सांगा, गोष्ट आठच वाक्यांची हवी आणि त्यात कुणीतरी एकदा खोटं बोललं पाहिजे. एवढ्या अटीत अडकलेलं मूल 'बाईंना काय आवडेल' हे विसरतं आणि 'हे जमवायचं कसं' याच्या मागे लागतं. विभक्तीचा तक्ता त्यानंतर लावा, त्यांच्याच वाक्यांतून उदाहरणं काढून. अभ्यासक्रमातला एक घटक झाला आणि कुणाला झोपही आली नाही.

मोबाइलकडून लिहवून आणलेल्या निबंधाचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. त्या मुलाला जरूर समजवा, पण विषयही तपासा. 'माझा आवडता प्राणी' हजारदा लिहून झालेला आहे. यंत्राला तो तुमच्या-माझ्याहून सफाईने येतो. तुमच्या वर्गाच्या मागच्या खिडकीवरून रोज भांडण का होतं, हे त्याला येत नाही. मधल्या सुट्टीत हरवलेल्या चेंडूची चौकशी लावा आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या जबान्या लिहून घ्या. पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मुलासाठी 'या शाळेत तुला कुणी सांगणार नाही अशा गोष्टी' लिहायला सांगा. पहिलीच्या मुलांसाठी गोष्टी लिहा आणि खरंच पहिलीच्या वर्गात जाऊन वाचा. यातलं शेवटचं आधी करून बघा असं मी म्हणेन. पहिलीतलं पोर कंटाळलं की सरळ दुसरीकडे बघू लागतं. लेखकाला एवढा रोखठोक समीक्षक एरवी मिळत नाही. तुमची मुलं परत येऊन आपणहून मजकूर कापतील, आणि ही गोष्ट तुम्ही लाल पेनाने कधीच करवून घेऊ शकला नसता. पहिला खर्डा मात्र वर्गातच, हाताने.

बोलण्याकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्थर्ड या भाषाअभ्यासकांनी 1975 साली वर्गातल्या संभाषणाची ठेवण मांडून दाखवली. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक शेरा देतो. की लगेच पुढचा प्रश्न. 'कवीला आकाशात काय दिसलं?' 'चंद्र.' 'शाब्बास, बस.' झालं! भाषेच्या तासात त्या मुलाच्या वाट्याला एक शब्द आला, आणि तोही पुस्तकातला. याच्या जोडीला मेरी बड रो यांचं काम ठेवा. त्यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि 1970 च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. मग स्वतः उत्तर देतात, प्रश्न बदलतात, नाहीतर दुसऱ्या मुलाकडे वळतात. ही थांबण्याची वेळ 3 सेकंदांवर नेली तेव्हा उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागली. त्या नोंदी विज्ञानाच्या तासांच्या होत्या. भाषेच्या तासाला तर हे दुप्पट लागू पडावं, कारण तिथे उत्तराची लांबी हाच अर्धा अभ्यास असतो.

3 सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गापुढे उभं राहून मोजून बघा, घसा कोरडा पडतो. इथे तुमचा बुजरा स्वभाव कामाला येईल. मुलाने उत्तर दिलं की 'शाब्बास' गिळा. मान हलवा, थांबा, बाकीच्यांकडे बघा. बोलायचंच झालं तर 'कशावरून म्हणतोस?' एवढंच. आणि रोज निदान एक प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला ठाऊक नाही. 'या कवितेतली कुठली ओळ काढून टाकली तर चालेल?' हा असा प्रश्न आहे. मुलं भांडतील, कवितेत पुन्हा पुन्हा डोकं घालतील, आणि तुम्हालाही खरोखर ऐकावं लागेल. शिक्षक खरोखर ऐकतोय की पुढच्या प्रश्नाची वाट बघतोय, हे मुलांना त्याच्या डोळ्यांवरून कळतं.

एका गोष्टीबद्दल तुमच्या पत्रात काही नाही, पण 45 मुलांच्या वर्गात ती असणारच. काही मुलांच्या घरची बोली पुस्तकातल्या भाषेहून वेगळी असते. कोरा कागद घेऊन बसलेल्यांत अशी मुलं किती होती, ते जरा आठवून बघा. त्यांनी तोंड उघडलं की पहिल्याच वाक्याला दुरुस्ती होते. मग ती तोंड उघडणं सोडतात आणि आपण त्यांना 'अबोल' म्हणून मोकळे होतो. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला विचारत, आज तुला कुठला शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी त्याला तो ओळखता आला नाही, तर शब्द बाद. त्याच्या लेखी तो महत्त्वाचा नव्हता. भीतीचे, मायेचे, घरातले शब्द मात्र एकदा बघून कायमचे लक्षात राहायचे. तुमची मुलं मोठी आहेत, पण तत्त्व तेच. पहिला खर्डा ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत लिहू द्या, गोष्टीतली माणसं घरच्यासारखी बोलू द्या. प्रमाण भाषा आणायची ती शेवटच्या प्रतीत, आणि तिचं कारणही सांगायचं: वाचणारा लांबचा आहे. मुलांना हे सहज पटतं. 'तुझं चुकलं' हे पटत नाही आणि पटायलाही नको, कारण ते खरं नाही.

वह्यांचं काय, असं तुम्ही विचारालच. 45 वह्या एका रात्रीत तपासणारी बाई दुसऱ्या दिवशी कसली सर्जनशील राहणार! दिवसाला नऊ घ्या, आठवड्याच्या पाच दिवसांत चक्र पुरं होतं. वहीत पहिली ओळ वाचक म्हणून लिहा: 'आजोबा दारातच का थांबले ते मला कळलं नाही.' मग एकाच प्रकारची चूक धरा, या आठवड्यात विरामचिन्हं, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ. सगळ्या चुकांना एकदम गोल केले की मूल गोल मोजतं आणि वही मिटतं. उरलेली दुरुस्ती फ्रेनेंच्या पद्धतीने करा. आठवड्यात एकाचा परिच्छेद, त्याच्या परवानगीने, फळ्यावर घ्या आणि वर्गाला तो सुधारू द्या. शब्द लेखकाचा राहील की वर्गाचा, हा शेवटचा निर्णय मात्र लेखकाकडे ठेवा. यावरून होणाऱ्या चर्चेतून शैली म्हणजे काय ते मुलांना आपोआप कळू लागतं.

अभ्यासक्रमाची भीती रास्त आहे. पण सर्जनशील तास वेगळा आणि अभ्यासक्रमाचा तास वेगळा, अशी वाटणी केलीत तर पहिल्या चाचणी परीक्षेच्या आधीच सर्जनशील तासाचा बळी जाईल. पुस्तकातल्या धड्यावरच काम करा. दुसरी भाषा शिकवणाऱ्यांमध्ये रुळलेला एक प्रकार आपल्याला छान वापरता येतो. धड्यातला सहा-सात ओळींचा परिच्छेद नेहमीच्या गतीने दोनदा वाचायचा. पहिल्या वेळी मुलांनी फक्त ऐकायचं, दुसऱ्या वेळी हाती लागतील ते शब्द टिपायचे. मग चौघाचौघांनी मिळून तो परिच्छेद पुन्हा उभा करायचा. शब्दन्‌शब्द जुळायला नको. अर्थ सुटता कामा नये आणि व्याकरण लंगडं पडता कामा नये. शेवटी मूळ परिच्छेदाशी ताडून बघायचं. 'त्याने गेला की तो गेला' यावर चार डोकी खल करत असताना तिथे जे व्याकरण शिकलं जातं, ते फळ्यावरच्या नियमातून येत नाही. कधी कधी मुलांचं वाक्य मुळापेक्षा सरस निघतं. तसं निघालं तर तसं बेधडक म्हणा.

गोंगाटाचं फार मनावर घेऊ नका, पण शेजारच्या वर्गाला त्रास होतोय हेही खरं. गटकामाचा तास कोणता ते त्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवा आणि थांबण्याची एक खूण मुलांशी ठरवून घ्या. हात वर केला की सगळे गप्प, एवढी पुरते. तुमच्या आवाजावर ताण नको.

राहिला प्रश्न अनुभवी सहकाऱ्यांचा, आणि नेतृत्वाची खरी कसोटी इथेच लागेल. माझी विनंती अशी, की यातली एकही युक्ती त्यांच्यावर लादू नका. दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये 1979 ते 1984 या काळात इंग्रजी अध्यापनाचा गाजलेला 'बंगळूर प्रकल्प' चालवणारे एन. एस. प्रभू यांनी नंतर, 1990 साली, एक मार्मिक मुद्दा मांडला. सर्वांत चांगली पद्धत कुठली, हा वाद घालण्यात अर्थ नाही. शिकणं कसं घडतं याबद्दल शिक्षकाची स्वतःची एक जाण असते. ती जागती असेल तर तास जिवंत राहतो आणि ती गोठली की चांगल्यातली चांगली पद्धतही यांत्रिक होते. एवढी मोठी प्रयोगयोजना राबवलेल्या माणसाने हे म्हणावं, याला वजन आहे. तुमच्या प्रशिक्षणातल्या बाहुल्याही कुण्या एका शिक्षकाच्या हाती जिवंत असतील. परिपत्रकातून सगळ्यांच्या हाती आल्या की त्यांची भुसा भरलेली चिंधी होते.

म्हणून विभागाच्या बैठकीत सादरीकरण ठेवू नका. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाचं एक पान, नाव झाकून, आणायचं. मोठ्याने वाचायचं. या मुलाला काय काय येतं, हे आधी बोलायचं. काय येत नाही, ते नंतर. 20 वर्षं शिकवलेल्या माणसाला उपदेश नको असतो, पण एका पोराचं पान पुढ्यात ठेवलं की त्याचा अनुभव बोलू लागतो, आणि तेव्हा तुम्ही शिकणाऱ्याच्या जागी बसा. त्यांच्यापैकी जे सर्वांत साशंक असतील त्यांना तुमच्या तासाला बोलवा, पण नुसतं 'बघायला या' म्हणू नका, काम द्या. 40 मिनिटांत किती वेगवेगळी मुलं बोलली आणि त्यांतली किती एका शब्दाहून जास्त बोलली, एवढं टिपून घ्या म्हणावं. आकडा बहुधा कमीच येईल. येऊ द्या. त्यांच्या हातातला तो कागद पुढच्या बैठकीत तुम्हीच वाचून दाखवलात, तर मग त्यांच्या वर्गाचं दार उघडायला फार वेळ लागणार नाही. एखाद्याचं उघडलं नाही तर राहू दे.

मुख्याध्यापिका वर्षअखेरीस 'सर्जनशील उपक्रमाचं सादरीकरण' मागतील, याची खात्री बाळगा. तिथे सुवाच्य अक्षराच्या आणि खणखणीत आवाजाच्या ठरावीक मुलांची पाठांतरं होतात आणि बाकीची 40 मुलं टाळ्या वाजवतात. त्याऐवजी एक लांब भिंत मागा आणि तिच्यावर 45 जणांची पानं लावा, खाडाखोडीचा पहिला खर्डा आणि शेवटची प्रत शेजारी-शेजारी. पालकांना खर्डे दाखवायला सुरुवातीला थोडा विरोध होईल. तो तुम्ही अंगावर घ्या, विभागप्रमुख झालात ते त्यासाठीच. महिन्यातून एकदा सगळे भाषा शिक्षक एकत्र बसू शकतील असा एक तास वेळापत्रकात लेखी मिळवा, तोंडी आश्वासनावर राहू नका. आणि पहिलीच्या बाईंना त्यांचा तास कधी मोकळा आहे ते आधी विचारून घ्या. मुलांना गोष्टींचं त्यानंतरच सांगा.